भारतीय पासपोर्ट, न्यू जर्सीचा पत्ता आणि टोकन विक्रीची अट

प्रश्न

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकाच्या पत्राचा हा सारांश. ते सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करतात, एच-१बी व्हिसावर आहेत, पासपोर्ट भारतीय आहे आणि ग्रीन कार्डच्या रांगेत त्यांचा अर्ज आहे. एका नव्या ब्लॉकचेन प्रकल्पाची टोकन, म्हणजे त्याची डिजिटल नाणी, एक्स्चेंजवर येण्याआधी विकली जाणार आहेत आणि त्यांत २५,००० डॉलर घालण्याची त्यांची इच्छा आहे. विक्रीच्या अटींनुसार सार्वजनिक फेरी अमेरिकी व्यक्तींना बंद आहे. त्यांच्यापैकी अ‍ॅक्रेडिटेड (साधारणपणे ठरावीक उत्पन्न किंवा मालमत्ता असलेल्या) गुंतवणूकदारांसाठी वेगळी फेरी आहे, पण त्या फेरीतली टोकन वर्षभर विकता येणार नाहीत. मित्रांनी तीन वाटा सुचवल्या आहेत : नागरिक नाही म्हणून ‘मी अमेरिकी व्यक्ती नाही’ या चौकटीत खूण करायची, व्हीपीएन वापरून आपण अमेरिकेत असल्याचे लपवायचे, किंवा पुण्यातल्या वडिलांच्या नावाने केवायसी करून मागाहून टोकन स्वतःच्या वॉलेटमध्ये घ्यायची. वाचकांचे उत्पन्न १,८५,००० डॉलर आहे. पत्नीने एच-४ ईएडीवर (एच-१बीधारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) नोकरी सुरू केल्यापासून दोघांचे मिळून गेल्या वर्षी ३,१०,००० डॉलर झाले. त्याआधीच्या वर्षी ते २,३५,००० होते. राहते घर कर्जावर आहे आणि कोथरूडमध्ये वडिलांबरोबर संयुक्त नावावर एक फ्लॅट आहे. तिन्हींपैकी सर्वांत सुरक्षित वाट कोणती, आणि श्रीमंतांनाच आत घेणारा हा नियम अन्यायाचा नाही का, असे ते विचारतात.

उत्तर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. तिन्ही वाटांपैकी एकही सुरक्षित नाही, आणि पहिली वाट तर मुळात अस्तित्वातच नाही, कारण या कायद्यापुरते तुम्ही अमेरिकी व्यक्तीच आहात.

अमेरिकेबाहेर केल्या जाणाऱ्या रोख्यांच्या विक्रीला नोंदणीतून मोकळीक देणारा जो नियम आहे, त्याचे नाव रेग्युलेशन एस. टोकन विकणारे बहुतेक प्रकल्प ‘अमेरिकी व्यक्ती’ ही संज्ञा तिथूनच उचलतात. त्या नियमात ती ठरते राहण्याच्या जागेवरून : अमेरिकेत वास्तव्य असलेली कोणतीही व्यक्ती, मग तिचा पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो. तुमचे घर, नोकरी आणि संसार न्यू जर्सीत आहे, तेव्हा इथे वादाला जागा उरत नाही. गंमत अशी की, अमेरिकी पासपोर्ट घेऊन पुण्यात कायमचे स्थायिक झालेले गृहस्थ याच नियमाप्रमाणे अमेरिकी व्यक्ती ठरतीलच असे नाही. मात्र अनेक विक्रेते आपल्या अटींत नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांनाही स्वतःहून वगळतात आणि ती अट कायद्याहून कडक असली तरी बंधनकारक असते. करासाठीची व्याख्या आणखी वेगळी. तिच्यात नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि ठरावीक दिवस देशात राहिलेले परदेशी असे सगळे येतात. तुमच्या मित्रांनी या तिन्ही व्याख्या एकत्र कालवल्या आहेत. तुम्ही पाहायची ती विक्रीच्या कागदात छापलेली व्याख्या.

आता ही रेघ मुळात का ओढली गेली ते समजून घेऊ, कारण तुमच्या पत्रातले एक गृहीत मला तिथेच तपासावेसे वाटते. तुम्ही असे धरून चालला आहात की कायदा तुमची पात्रता तपासतो आहे. १९२९ च्या पडझडीनंतर आलेला १९३३ चा सिक्युरिटीज अ‍ॅक्ट प्रामुख्याने विक्रेत्याला बांधतो. लोकांकडून पैसे घ्यायचे असतील, तर रोख्यांची नोंदणी करा आणि धंद्याची, हिशेबाची, जोखमीची माहिती उघड करा. नाही तर कायद्याने दिलेल्या एखाद्या सवलतीत चपखल बसा. टोकन हा रोखा आहे का, हे ठरवताना आधार घेतला जातो १९४६ च्या हॉवी खटल्याचा. फ्लोरिडात संत्र्यांच्या बागेचे पट्टे विकून त्यांची मशागत आणि विक्री स्वतःकडेच ठेवणाऱ्या कंपनीचा तो खटला. दुसऱ्याच्या मेहनतीतून नफा मिळेल या अपेक्षेने सामाईक उद्योगात पैसे घातले, तर तो गुंतवणुकीचा करार होय, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. अमेरिकेच्या रोखे नियामकाने, म्हणजे एसईसीने, जुलै २०१७ मध्ये ‘द डीएओ’ या प्रकल्पावरच्या अहवालात हीच कसोटी टोकनला लावली. त्याच वर्षी डिसेंबरात रेस्टॉरंटच्या परीक्षणांचे अ‍ॅप चालवणाऱ्या मंची या कंपनीला विक्री थांबवून पैसे परत करावे लागले.

तेव्हा एखादा प्रकल्प ‘अमेरिकी व्यक्ती नकोत’ असे लिहितो, त्याचा व्यवहारातला अर्थ असा की, अमेरिकी कायद्याने मागितलेली माहिती द्यायला आणि तिच्याबद्दल जबाबदार राहायला तो तयार नाही. हे लबाडीचे लक्षण आहे असे मी म्हणणार नाही. नोंदणीचा खर्च मोठा असतो आणि नियम बराच काळ धूसर होते. पण ज्या फेरीत तुम्हाला घुसायचे आहे, ती याच माहितीशिवाय चालणार आहे, एवढे डोळ्यांसमोर असू द्या.

व्हीपीएनबद्दल एक उदाहरण पुरेसे आहे. ब्लॉक.वन या कंपनीने २०१७ ते २०१८ अशी जवळपास वर्षभर ईओएस या ब्लॉकचेनशी जोडलेली टोकन विकून सुमारे ४ अब्ज डॉलर उभे केले. अमेरिकेतून येणारे आयपी पत्ते तिने अडवले होते आणि खरेदीच्या करारातही अमेरिकी खरेदीदारांना मनाई होती. तरीही काही अमेरिकी लोक आत शिरलेच, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये एसईसीबरोबरच्या तडजोडीत कंपनीला २ कोटी ४० लाख डॉलर दंड भरावा लागला. हा धडा विक्रेत्यांनी चांगलाच गिरवला आहे. नुसता आयपी पत्ता पाहून आता कोणी थांबत नाही. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पैसे कोणत्या बँकेतून किंवा वॉलेटमधून आले याचा माग, असे सगळे तपासले जाते. शिवाय ही तपासणी पैसे देतानाच होते असे नाही, टोकन हाती देण्याच्या टप्प्यावर ती पुन्हा होऊ शकते. त्या वेळी तुमचा पत्ता न्यू जर्सीचा निघाला, तर खरेदी रद्द करण्याचा अधिकार विक्रेत्याने अटींत स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. पैसे परत मिळतील की नाही, आणि कधी, हेही तोच कागद ठरवतो.

‘नियम मोडला तर विक्रेता अडकेल, मी कशाला?’ हा तुमच्या पत्रातला युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. नोंदणी न करता विकण्याचा दोष मुख्यतः विकणाऱ्याकडेच जातो. किंबहुना असा रोखा विकत घेणाऱ्याला पैसे परत मागण्याचा हक्क १९३३ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये दिलेला आहे. त्यासाठीची मुदत उल्लंघनापासून एका वर्षाची. राहिलेला अर्धा भाग तुमच्या विरोधात जातो. खोटी खूण करून आत गेलेल्या माणसाने हा हक्क सांगितला, तर विक्रेत्याचा वकील सर्वांत आधी ते घोषणापत्र पुढे ठेवील. टेलिग्रामचे प्रकरण आठवून पाहा. कंपनीने २०१८ मध्ये आपल्या टोकनसाठी १७१ खरेदीदारांकडून १.७ अब्ज डॉलर घेतले, त्यांतले ३९ अमेरिकी होते. एसईसी न्यायालयात गेली, मार्च २०२० मध्ये मनाई हुकूम निघाला आणि जूनमधल्या तडजोडीत कंपनीने १ कोटी ८५ लाख डॉलर दंडाबरोबर १.२ अब्जांहून अधिक रक्कम गुंतवणूकदारांना परत करण्याचे मान्य केले. अशी परतफेड नोंदवहीतल्या खऱ्या नावांना मिळते. भलत्या देशाचा पत्ता लिहिलेल्या माणसाने तिथे काय दाखवायचे?

वडिलांच्या नावाची वाट मला सर्वांत अयोग्य वाटते, आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांत ती अगदी सहज सुचवली जाते. केवायसी करताना वडील लिहून देणार की, पैसे माझे आहेत आणि खरेदी मी माझ्यासाठी करतो आहे. दोन्ही विधाने खोटी असतील आणि सही त्यांची असेल. रक्कम भारतातून बाहेर पाठवायची, तर रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या एलआरएस योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा असली, तरी बँकेच्या अर्जात हेतू लिहावा लागतो. म्हणजे तिथे आणखी एक विधान. टोकनची किंमत वाढून ती विकली, तर भारतात एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्यातला तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. विकली नाहीत आणि तुमच्या वॉलेटमध्ये वळवली, तर ती भेट होती, विक्री होती की मुळापासून तुमचीच होती, या प्रश्नाचे उत्तर दोन देशांच्या कर खात्यांना एकसारखे द्यावे लागेल. त्यातही रेग्युलेशन एसखाली विकलेले रोखे ठरावीक काळ अमेरिकी व्यक्तीकडे वळवण्यावर बंधन असू शकते, म्हणजे तुमच्या वॉलेटकडे येणारा तो व्यवहारच अटींचा भंग ठरू शकतो. आणि हे सारे निभावले तरी नोटीस कोणाच्या दारी येईल? निवृत्तीच्या वयात, ज्या गोष्टीचा अर्थही त्यांना पुरता सांगितलेला नसेल, तिच्याबद्दल उत्तरे देत बसण्याची वेळ त्यांच्यावर यावी, हे तुम्हालाही रुचणार नाही.

पालक अमेरिकेत भेटीला आलेले असतानाच हे उरकावे, असाही विचार काहीजण करतात. देशाबाहेरच्या विक्रीची सवलत मिळण्यासाठी खरेदीची मागणी देताना खरेदीदार अमेरिकेबाहेर असावा लागतो किंवा विक्रेत्याला तसा रास्त विश्वास असावा लागतो. न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या दिवाणखान्यातून टाकलेली ऑर्डर त्यात बसत नाही, मग ती कोणाच्याही नावाने असो.

आता अ‍ॅक्रेडिटेड गुंतवणूकदारांच्या फेरीकडे येऊ. तुम्ही तिचा विचार फार लवकर सोडून दिला आहे असे मला वाटते. उत्पन्नाची कसोटी अशी : मागच्या दोन्ही वर्षांत एकट्याचे उत्पन्न २ लाख डॉलरहून अधिक, किंवा जोडीदारासह ३ लाख डॉलरहून अधिक, आणि चालू वर्षीही तेवढे होईल अशी रास्त अपेक्षा. सरासरी चालत नाही. दोन्ही वर्षे वेगवेगळी पार व्हावी लागतात. गेल्या वर्षी तुम्ही बसता, त्याआधीच्या वर्षी बसत नाही, म्हणून आज या मार्गाने तुम्ही पात्र नाही.

दुसरी कसोटी निव्वळ मालमत्तेची : एकट्याची किंवा जोडीदारासह १० लाख डॉलरहून अधिक. यात राहते घर धरायचे नाही, आणि घराच्या किमतीइतके त्याचे कर्जही देणे म्हणून धरायचे नाही. मात्र व्यवहाराच्या आधीच्या ६० दिवसांत घरावर नवे कर्ज काढले असेल, तर ते बहुधा वजा होते. कोथरूडचा फ्लॅट तुमचे राहते घर नसल्यामुळे त्यातला तुमचा हिस्सा मोजता येतो. तुमच्या दोघांच्या ४०१(के) या निवृत्ती खात्यांतली रक्कमही मोजता येते. तुम्ही ही बेरीज पत्रात दिलेली नाही, बहुधा केलीच नसावी. ती एकदा कागदावर मांडा. फ्लॅटच्या हिश्शासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या, शेजारच्या सोसायटीतल्या भावावरून अंदाज बांधू नका.

तिसरी वाट २०२० च्या दुरुस्तीने उघडली : रोखे व्यवसायातल्या सिरीज ७, ६५ किंवा ८२ यांपैकी परवाना चालू स्थितीत असलेली व्यक्ती उत्पन्नाची अट पूर्ण न करताही पात्र ठरते. सिरीज ६५ ची परीक्षा कोणालाही देता येते, म्हणून ‘एका परीक्षेत अ‍ॅक्रेडिटेड व्हा’ असा सल्ला इंटरनेटवर फिरतो. नुसती परीक्षा उत्तीर्ण होणे पुरत नाही, परवाना प्रत्यक्षात मिळवून तो टिकवावा लागतो, हे त्या सल्ल्यात सहसा नसते. नोकरीवरच व्हिसा अवलंबून असलेल्या माणसाने दुसऱ्या व्यवसायाचा परवाना घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारणेही आले.

या फेरीत कागदपत्रे किती मागितली जातील, हे विक्रेत्याने कोणती सवलत घेतली यावर अवलंबून असते. नोंदणीशिवाय खासगी विक्रीची सवलत देणाऱ्या रेग्युलेशन डीमधल्या नियम ५०६(बी) खाली जाहिरात करता येत नाही आणि तुमच्या लेखी निवेदनावर विक्रेता बऱ्याच अंशी विसंबू शकतो. नियम ५०६(सी) खाली उघड जाहिरात करता येते, पण पात्रतेची खातरजमा करणे विक्रेत्यावर बंधनकारक असते : दोन वर्षांचे डब्ल्यू-२ (नोकरी देणाऱ्याने दिलेला वार्षिक पगाराचा दाखला) किंवा कर विवरणपत्र, अथवा सीपीए (परवानाधारक हिशेबनीस), वकील किंवा ब्रोकर यांचे गेल्या तीन महिन्यांतले पत्र. टोकनच्या जाहीर विक्रीत गाठ पडते ती बहुधा या दुसऱ्या प्रकाराशी. वर्षभराची बंदीही विक्रेत्याच्या मनाची लहर नव्हे. अशा रोख्यांच्या फेरविक्रीवरच्या नियम १४४ मधून ती येते.

नियमाच्या न्याय्यतेबद्दल तुम्ही विचारले आहे, त्यात तथ्य आहे. २ लाख डॉलरची मर्यादा १९८२ पासून तीच आहे. महागाईप्रमाणे ती वाढवली गेली नाही, त्यामुळे आत येणारे वाढत गेले, पण त्यांची समज वाढली असे कोणी म्हणू शकणार नाही. ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या कराराचा, म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा, कोड वाचू शकणारा अभियंता बाहेर आणि वारशात दहा लाख मिळालेला, ब्लॉकचेनचे नावही न ऐकलेला माणूस आत, ही विसंगती खरी आहे. कायदा पाहतो तो इतकेच की नुकसान झाले तर ते सोसण्याची ताकद आहे का. परंतु ‘आत श्रीमंतांना सोडतात, म्हणजे आत काहीतरी मौल्यवान असणार’ हे तुमचे दुसरे गृहीत मला पटत नाही. २०१७ मधली फाइलकॉइन या प्रकल्पाच्या टोकनची विक्री अ‍ॅक्रेडिटेड गुंतवणूकदारांपुरती होती. त्यांनी पैसे दिल्यानंतर मुख्य नेटवर्क सुरू व्हायला ऑक्टोबर २०२० उजाडला. तीन वर्षे पैसे अडकून राहणे ज्याला परवडते, त्याच्यासाठी ती फेरी होती.

शिवाय सर्वसामान्य गुंतवणूकदाराला दारे बंदच आहेत असेही नाही. छोट्या सार्वजनिक विक्रीसाठीच्या रेग्युलेशन ‘ए’ या नियमाखाली जुलै २०१९ मध्ये ब्लॉकस्टॅक या प्रकल्पाला एसईसीची हिरवी झेंडी मिळाली आणि अ‍ॅक्रेडिटेड नसलेल्या अमेरिकी लोकांनाही टोकन घेता आली. या नियमाच्या दुसऱ्या श्रेणीत अशा व्यक्तीला वार्षिक उत्पन्न किंवा निव्वळ मालमत्ता यांपैकी जे मोठे असेल त्याच्या १० टक्क्यांपर्यंत पैसे घालता येतात. क्राउडफंडिंगसाठीच्या रेग्युलेशन सीएफखाली प्रकल्प वर्षाला ५० लाख डॉलरपर्यंत रक्कम उभारू शकतात, तिथेही उत्पन्नावर आधारित मर्यादा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉइनबेस या अमेरिकी क्रिप्टो एक्स्चेंजने आपल्या मंचावर मोनॅड प्रकल्पाची टोकन विकली, त्यात अमेरिकेतल्या सामान्य ग्राहकांनाही भाग घेता आला. वारे बदलते आहे. एक्सआरपी हे टोकन विकणाऱ्या रिपल कंपनीच्या खटल्यातल्या जुलै २०२३ च्या निकालात न्यायालयाने संस्थांना थेट केलेली विक्री आणि एक्स्चेंजवरची अनामिक विक्री यांत फरक केला, आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने डिजिटल मालमत्तांच्या बाजाराचे नियम ठरवू पाहणारा क्लॅरिटी अ‍ॅक्ट मंजूर केला. तरी होऊ घातलेल्या कायद्याच्या भरवशावर आज खोटी खूण करणे म्हणजे पाऊस येणार म्हणून आजच घागर फोडणे झाले.

पैसे घालण्याआधी विक्रेता कोण आहे, केमन किंवा पनामातली फाउंडेशन की अमेरिकी कंपनी, हे पाहा. रेग्युलेशन डीचा दावा असेल, तर पहिल्या विक्रीनंतर १५ दिवसांत फॉर्म डी दाखल करावा लागतो आणि तो एसईसीच्या एडगर संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. तो सापडला म्हणजे एसईसीने प्रकल्प तपासला असे मुळीच नाही. संस्थापकांची आणि आधीच्या गुंतवणूकदारांची टोकन कधी मोकळी होतात, ती तारीख तुमच्या बंदीच्या तारखेशेजारी लिहून पाहा. तुम्ही वर्षभर बांधलेले आणि ते सहाव्या महिन्यात मोकळे असतील, तर किंमत उतरताना पाहत बसण्यावाचून तुमच्या हाती काही उरणार नाही. वाद झाल्यास कोणत्या देशाच्या कायद्याने आणि कुठल्या लवादापुढे, हे कलम बहुधा शेवटच्या पानांत असते, ते वाचा. फॉर्म १०४० या अमेरिकी प्राप्तिकर विवरणपत्रावरच्या डिजिटल मालमत्तेच्या प्रश्नाला खरे उत्तर देण्यासाठी खरेदीच्या दिवसाची किंमत आणि व्यवहाराच्या नोंदी जपून ठेवा.

२५,००० डॉलरच्या रकमेबद्दलही एक प्रश्न विचारते. एच-१बीवरची नोकरी गेली, तर नवी शोधायला किंवा देश सोडायला तुम्हाला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि पत्नीचा ईएडी तुमच्याच स्थितीवर उभा आहे. दोन्ही पगार एकाच वेळी थांबू शकतात अशा घरात सहा-आठ महिन्यांचा खर्च हाताशी ठेवल्यानंतर ही रक्कम उरते का? उरत नसेल, तर वर्षभर न विकता येणारी कोणतीही वस्तू, ती पूर्ण कायदेशीर असली तरी, आज तुमच्यासाठी नाही.

उरत असेल, तर मालमत्तेची बेरीज या आठवड्यात करा. ती १० लाखांच्या वर गेली, तर सीपीएकडून पत्र घेऊन वेगळ्या फेरीसाठी उघडपणे अर्ज करता येईल आणि ‘अमेरिकी व्यक्ती’ या चौकटीत खरी खूण करता येईल. ती कमी पडली, तर ही विक्री जाऊ द्या. प्रकल्प टिकला आणि टोकन अमेरिकेत चालणाऱ्या एक्स्चेंजवर आले, तर तिथे ते खुल्या भावाने घेता येईल. चालू वर्षातही दोघांचे मिळून उत्पन्न ३ लाखांच्या पुढे गेले, तर मागची दोन्ही वर्षे कसोटीत बसतील. पुढच्या जानेवारीअखेर दोघांचे डब्ल्यू-२ हाती आले आणि दोन्ही नोकऱ्या तशाच चालू असल्या, की उत्पन्नाच्या मार्गानेच तुम्ही पात्र ठराल. सीपीएची भेट त्या सुमारासच ठरवून ठेवा.